वन्यजीव छायाचित्रण : स्वस्त कॅमेरा की महागडा? मांजरसुंब्याच्या माळावरून एक हिशेब



आज आपण असा विषय घेतोय की ज्यात भौतिकशास्त्र आहे, थोडं अंकगणित आहे आणि घरातल्या पैशांचा प्रश्नही आहे. "सर, मोरांचे, हरणांचे फोटो काढायचेत. पन्नास हजारांत भागेल का? की कर्ज काढून मोठा कॅमेरा घ्यावा?" हा प्रश्न आपल्या भागातली पोरं आता नेहमी विचारतात. त्याला कारणही आहे. बीडहून घाट चढून आलात की बालाघाटचा माथा लागतो आणि मांजरसुंब्याचा चौक येतो. एक रस्ता सोलापूरकडे, एक नेकनूर-केजकडे, एक पाटोद्याकडे. या पाटोदा तालुक्यातच नायगाव मयूर अभयारण्य आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं, 1994 साली जाहीर झालेलं. घाटाखाली पालीजवळ बिंदुसरेचं धरण आहे, तिथं हिवाळ्यात पाणपक्षी दिसतात. माळावर टिटवी, चंडोल, कापशी घार, नशीब असेल तर खोकड. म्हणजे फोटो काढायला ताडोबालाच जायला पाहिजे असं काही नाही.

आता पैशांचं बोलू. बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिली, न निघणाऱ्या लेन्सचे लांब झूमवाले कॅमेरे, ज्यांना 'ब्रिज कॅमेरा' म्हणतात. निकॉनचा 2020 साली आलेला पी950 हे त्याचं नेहमीचं उदाहरण. किंमत लाखाच्या आत. दुसरी पायरी, लेन्स बदलता येणारा मध्यम कॅमेरा आणि त्यावर 150-600 किंवा 200-500 मिलिमीटरची झूम लेन्स. नवं-जुनं धरून दीड-दोन लाख, कधी त्याहून जास्त. तिसरी पायरी म्हणजे निकॉन झेड9, सोनी अल्फा1 अशा कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटर एफ/4 ची लेन्स. नुसती लेन्सच दहा लाखांच्या वर जाते. एका लेन्सच्या पैशात दारात ट्रॅक्टर उभा राहतो! ऊसतोडीची उचल घेऊन सहा महिने घर सोडणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात ही तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही.

मग हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? दुकानदार 'मेगापिक्सेल' आणि 'झूम' सांगतो. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. झूममध्ये तर स्वस्त कॅमेराच पुढे आहे. पी950 चं झूम 83 पट, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत 2000 मिलिमीटर. लाखो रुपयांची लेन्स मात्र 600 वरच थांबते!

हे कोडं सोडवायला पावसाचं उदाहरण घ्या. अंगणात एक वाटी ठेवली आणि शेजारी एक ताटली. पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण पाणी कुणात जास्त जमेल? ज्याचं तोंड मोठं, त्यात. कॅमेऱ्यात पावसाच्या जागी प्रकाश. लेन्सचं 'तोंड' किती मोठं हे काढायला सोपं सूत्र आहे : लेन्सची खरी लांबी भागिले एफ-आकडा. पी950 ची लेन्स पूर्ण लांबवली तर तिची खरी लांबी 357 मिलिमीटर होते (2000 हा तुलनेसाठीचा आकडा) आणि एफ-आकडा 6.5. भागाकार आला 55 मिलिमीटर, म्हणजे छोटी वाटी. 600 भागिले 4 म्हणजे 150 मिलिमीटर, म्हणजे ताटली. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ताटलीत प्रकाश जमतो जवळजवळ साडेसात पट. मधल्या पायरीची 500 मिलिमीटर एफ/5.6 वाली लेन्स? तिचं तोंड 89 मिलिमीटर. वाटीच्या अडीच पटींहून जास्त प्रकाश तीही गोळा करते, आणि किंमत मात्र ताटलीच्या पाव हिश्श्याच्याही आत. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सेन्सरची. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. 'फुल फ्रेम' सेन्सर 36 गुणिले 24. क्षेत्रफळ जवळजवळ तीसपट. लहान सेन्सरला कमी उजेडात फार ताणलं, म्हणजे आयएसओ वाढवला, की चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात.

आता हे सगळं मोरावर लावून बघू. मोर पिसारा फुलवून नाचतो तो पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात. म्हणजे ढगाळ दिवस, तोही सकाळी नाहीतर संध्याकाळी, झाडीच्या कडेला. समजा तिथं उजेड भर दुपारच्या उन्हाच्या चौसष्टाव्या भागाइतका आहे. पी950 ला पूर्ण झूमवर भर उन्हात, आयएसओ 100 ला, सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग पुरतो. चौसष्टावा उजेड झाला की तो वेळ होतो सेकंदाचा दहावा भाग. आयएसओ 800 केला तर पंचाहत्तरावा भाग. इथं एक गंमत आहे. नाचताना मोर पिसारा थरथरवतो, तो सेकंदाला पंचवीसेक वेळा. पंचाहत्तराव्या भागात पीस तिसरा हिस्सा हेलकावा घेऊन मोकळं! त्यामुळे मोराचं डोकं, निळी मान नीट येते, पण पिसारा पुसट होतो. त्यात 2000 मिलिमीटरला हात किती हलतो ते वेगळंच. त्याच उजेडात एफ/4 ची लेन्स आणि मोठा सेन्सर असेल तर आयएसओ 6400 वर सोळाशेवा भाग मिळतो आणि पिसाऱ्यावरचा डोळा न डोळा थांबलेला दिसतो.

म्हणजे पैसे कशाचे, तर त्या उजेडाच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासाचे. आणि पळत्या-उडत्या जिवाचे. झेड9 पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून धरून ठेवतो आणि सेकंदाला वीस फोटो घेतो. ब्रिज कॅमेरा थोडेसे फोटो घेऊन ते साठवायला थांबतो, आणि आकाशातली घार चौकटीत सापडेपर्यंत ती चौसाळ्याला पोचलेली असते. काळवीट ताशी 40 किलोमीटरने जरी पळालं, तरी सेकंदाच्या साठाव्या भागात ते अठरा-एकोणीस सेंटिमीटर पुढे जातं. तिथं स्वस्त कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा नको.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. सकाळी नऊ वाजता, स्वच्छ उन्हात, तारेवर बसलेला नीलपंख किंवा धरणाच्या काठावरचा बगळा घ्या. पक्षी लांब आहे, स्थिर आहे, उजेड भरपूर आहे. 600 मिलिमीटरच्या फोटोतून 2000 इतका जवळचा भाग कापून घेतला तर 45 मेगापिक्सेलमधले जेमतेम 4 उरतात. ब्रिज कॅमेऱ्याला तिथं पूर्ण 16 मिळतात. मोबाइलवर बघणाऱ्याला दोन्हींतला फरक सांगता येणार नाही. पक्षी ओळखायचे, नोंदी ठेवायच्या, शाळेच्या प्रकल्पाला चित्रं लावायची, एवढंच असेल तर पन्नास-साठ हजारांपुढे जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

उन्हाळ्यात दुपारी मात्र गरीब-श्रीमंत सारखेच. नांगरलेल्या काळ्या रानावरून तापलेली हवा वर चढते, आणि तिच्यातून येणारे किरण वाकडेतिकडे वळतात. डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, तोच प्रकार. दोनशे मीटरवरचं हरीण पाण्यात बुडाल्यासारखं लुकलुकतं. पंधरा लाखांचा कॅमेराही तेच लुकलुकणं अगदी सुबक टिपतो, बाकी काही नाही. अशा वेळी सावलीत बसून डबा खावा.

आता या तुलनेतली जी बाजू दुकानात कुणी सांगत नाही, ती. सर्वांत स्वस्त पर्याय ब्रिज कॅमेरा नाही. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे साधा कॅमेरा, त्याच्याबरोबर येणारी 55-250 ची लेन्स आणि चालत पुढे जाणारा माणूस. लेन्स पुरत नाही म्हणून पाय पुरवायचे. किमतीतली ती उरलेली रक्कम मग प्राणी भरतो. टिटवीची अंडी उघड्या माळावर खड्यांमध्ये असतात. तुम्ही जवळ गेलात की ती ओरडत उठते, आणि मे महिन्याच्या उन्हात अंडी उघडी पडतात. लांडोर पिलं घेऊन झुडपात शिरते आणि एखादं मागे राहतं. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर आणि काळवीट दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि अभयारण्यात शिरून फोटो काढायला वनविभागाची परवानगी लागते. त्यामुळे मला लांब पल्ल्याची लेन्स चैनीची वाटत नाही. तुमच्यात आणि त्या जिवात ती पन्नास पावलांचं अंतर राखते. लेन्स नसेल तर दुसरा उपाय वेळेचा. माळावरचे प्राणी मेंढरांमागच्या धनगराला, बैलगाडीला फारसे बुजत नाहीत, कारण ते रोजचं आहे. शेताच्या बांधावर जुनी गोधडी नाहीतर मळकं धोतर आडोशाला बांधून उजाडण्याआधी बसा. सलग आठ दिवस त्याच जागी बसा. नवव्या दिवशी 250 ची लेन्सही पुरते. फक्त घरट्यासमोर बसायचं नाही, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही.

मग घ्यावं काय? माझा कौल असा. हौस नवी असेल तर आधी कॅमेराच नको. काही हजारांची 8x42 ची दुर्बीण घ्या आणि एक पावसाळा, एक हिवाळा फिरा. तरी मन तिथंच असेल, तर स्थिर पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा. उडते पक्षी आणि हरणं पाहिजे असतील, तर थांबा, पैसे साठवा आणि एकदम मधल्या पायरीवर जा : जुना बॉडी चालेल, लेन्समध्ये मात्र काटकसर नको. बॉडी चार-पाच वर्षांत मागे पडतो, लेन्स पंधरा वर्षं साथ देते. तिसरी पायरी ज्याचं पोट फोटोंवर चालतं त्याच्यासाठी. हप्त्यावर घेतलेली लेन्स पहिल्या वर्षी हप्ता फेडत नाही, तो सोयाबीनच फेडतं, आणि सोयाबीनचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

जुनी लेन्स घेताना मागून विजेरी मारून पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि कॅमेरा दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली तपासू नका, तिथं सगळेच कॅमेरे चांगले असतात. संध्याकाळी साडेसहाला जा, बाहेर रस्त्यावर या, विजेच्या तारेवरचा कावळा पूर्ण झूमवर धरा. एक फोटो बसलेला, एक उडतानाचा. दोन्ही फोटो तिथंच पडद्यावर मोठे करून बघा आणि मगच किमतीचं बोला.