घरासाठी संगणक निवडताना

नाशिकच्या इंदिरानगरातून पांडवलेण्यांचा डोंगर फार दूर नाही. त्या डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. गुणाकार करा पाहू! सुमारे ५९,२०० चित्रे झाली. त्या काळी ही फिल्म हाताने धुवावी लागे, कात्रीने कापावी लागे आणि नको तो भाग वगळून उरलेले तुकडे चिकटवून जोडावे लागत. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही फिल्मच्या कामात मोठा हातभार लावला.

आज हेच काम घरातल्या टेबलावर संगणकाने करता येते. पण त्यासाठी कोणता संगणक घ्यावा? या लेखात आपण त्याचाच विचार करू. जाहिरातीतील मोठमोठ्या आकड्यांना भुलून नव्हे, तर स्वतः गणित करून.

एक घर डोळ्यांपुढे आणा. घर इंदिरानगरात आहे. आईने भिशीत दोन वर्षे साठवलेले पैसे हाती आले आहेत. बाबांना पत्रे आणि हिशेब लिहायचे आहेत, ताईला महाविद्यालयाचे अर्ज भरायचे आहेत आणि नववीतल्या धाकटीला आजीची चित्रफीत करायची आहे. आजी ऐंशीच्या पुढची. तिला जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. धाकटीने दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर तीन तासांचे चित्रण करून ठेवले आहे. त्यातून अर्ध्या तासाची नीटनेटकी चित्रफीत जुळवायची आहे. संगणक चुकला तर निदान चार वर्षे दुसरा घेता येणार नाही, आणि चित्रण हरवले तर आजीला पुन्हा तेच सगळे तसेच म्हणायला लावणे कदाचित जमणार नाही. म्हणजे प्रश्न साधा नाही.

एका चित्राचे वजन किती?

पडद्यावरचे चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना चित्रबिंदू म्हणतात. नेहमीच्या 'फुल एचडी' चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे लागतात आणि प्रत्येक आकड्यास एक बाइट जागा. तेव्हा एका चित्रास ६२,२०,८०० बाइट हवेत.

मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे टिपतो. म्हणजे एका सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट! दहा मिनिटांचे चित्रण असे जसेच्या तसे ठेवले तर सुमारे ११२ गिगाबाइट जागा लागेल. मग मोबाइलमध्ये ते मावते कसे?

याचे उत्तर दूधवाल्याच्या हिशेबात आहे. कॅलेंडरवर आई एक तारखेला 'दोन लिटर' असे लिहिते. पुढे रोज तेच लिहीत बसत नाही. ज्या दिवशी बदल होईल त्या दिवशी फक्त 'अर्धा जास्त' किंवा 'अर्धा कमी' अशी खूण करते. मोबाइल हेच करतो. काही काळाने एक चित्र पूर्ण लिहितो आणि मधल्या चित्रांबाबत फक्त काय बदलले तेवढेच नोंदवतो. आजी जात्यापाशी बसली आहे, मागची भिंत हललेली नाही. मग भिंत पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? या युक्तीने आणि इतर काही युक्त्यांनी सेकंदाला सुमारे २० लाख बाइटांत, म्हणजे २ मेगाबाइटांत काम भागते. तीन तासांचे १०,८०० सेकंद. तेव्हा धाकटीचे सगळे चित्रण साधारण २२ गिगाबाइटांचे झाले.

पण या युक्तीची किंमतही मोजावी लागते. वीस तारखेला दूध किती घेतले, असे कोणी एकदम विचारले तर? एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागेल. चित्रफीत सरळ पाहताना ही अडचण जाणवत नाही, कारण आपण तारखांच्या क्रमानेच पुढे जात असतो. संपादन करताना मात्र आपण मध्येच कुठेतरी उडी मारतो, मागे येतो, दोन तुकडे शेजारी ठेवून पाहतो. दर वेळी संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडीत यावे लागते. पत्र लिहिताना सुखाने चालणारा संगणक चित्रफीत जोडताना का अडखळतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

संगणकाचे स्वयंपाकघर

संगणकाचे मुख्य भाग समजण्यास स्वयंपाकघराची उपमा बरी पडते. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे प्रक्रियक किंवा प्रोसेसर. ओटा म्हणजे तात्पुरती स्मृती, जिला बाजारात रॅम म्हणतात. आणि डबे ठेवण्याचे फडताळ म्हणजे कायमची साठवण, अर्थात एसएसडी किंवा हार्ड डिस्क.

_प्रक्रियक._ यात हल्ली अनेक गाभे असतात. एकाच वेळी अनेक हात काम करतात असे समजा. पत्रे, हिशेब, अर्ज यांना चार गाभे पुरतात. चित्रफितीसाठी सहा किंवा आठ असलेले बरे. मात्र गाभ्यांच्या संख्येइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. दूधवाल्याचा तो हिशेब सोडवण्यासाठी चित्र दाखवणाऱ्या भागात, म्हणजे ग्राफिक्समध्ये, एक खास मंडल असते. इंटेल कंपनीने आपल्या प्रक्रियकांत असे मंडल २०११ पासून बसवण्यास आरंभ केला. परंतु ज्या इंटेल प्रक्रियकाच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात हा ग्राफिक्सचा भाग चालू नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणे भाग पडते. दुकानात नावाचे शेवटचे अक्षर वाचायला विसरू नका!

_रॅम._ ओटा लहान असला की दर वेळी भांडे उचलून फडताळात ठेवायचे आणि दुसरे काढायचे. वेळ सारा उठबशीत जातो. रोजच्या कामास ८ गिगाबाइट चालते. संपादनासाठी १६ घ्यावे. तेही शक्य तर ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की माहितीला ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. ग्राफिक्स प्रक्रियकातच असेल तर ते रॅमचाच वापर करते, म्हणून त्याला याचा विशेष फायदा होतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम पटलावर डाखलेली असते; ती पुढे वाढवता येत नाही. हे आधीच विचारून घ्यावे.

_साठवण._ हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात, म्हणून तो रेंगाळतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, त्यामुळे ही वाट पाहणे जवळजवळ संपते. तेव्हा संगणक चालवणारी प्रणाली आणि संपादनाचा कार्यक्रम एसएसडीवरच हवेत. पण गंमत पाहा, आपल्या चित्रणाला सेकंदाला केवळ २ मेगाबाइट लागतात आणि साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० मेगाबाइट सहज देते. म्हणून काम संपलेले चित्रण साठवण्यासाठी स्वस्त हार्ड डिस्क उत्तम. एसएसडीचाही सर्वांत महाग, सर्वांत वेगवान प्रकार येथे घेण्याचे कारण नाही.

टेबलावरचा की मांडीवरचा?

लॅपटॉप उचलून नेता येतो आणि वीज गेली तरी काही तास चालतो. ताई रोज तो महाविद्यालयात नेणार असेल, तर दुसरा विचारच नको. पण संपादनात प्रक्रियक बराच वेळ पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. पातळ लॅपटॉपला ही उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग तो जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. टेबलावरच्या संगणकात पंखे मोठे असतात, हवा खेळते, शिवाय एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. त्याच पैशांत तो अधिक ताकदीचाही मिळतो.

मात्र टेबलावरच्या संगणकाबरोबर यूपीएस हवाच. वीज गेली की काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे तो देतो. ६०० व्हीए लिहिले असले तरी तो पुष्कळदा ३६० वॉटचाच असतो; खरेदी करताना वॉटचा आकडा पाहावा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की संगणकाची तार भिंतीतून काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पडदा २२ ते २४ इंची, फुल एचडी आणि आयपीएस प्रकारचा असावा. या प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत.

जुना संगणक स्वस्तात मिळत असेल तर? घेण्यास हरकत नाही, पण एक तपासा. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारा जुना संगणक घ्यायचा, तर त्यावर लिनक्स घालण्याची तयारी हवी. संपादनाचे शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे विनामूल्य कार्यक्रम लिनक्सवरही चालतात.

पैशांची वाटणी

आपल्या इंदिरानगरच्या घराने शेवटी कागदावर दोन रकाने केले. पहिल्या रकान्यात 'आता हवेच' असे लिहिले: टेबलावरचा संगणक, सहा गाभ्यांचा आणि ग्राफिक्ससह असलेला प्रक्रियक, १६ गिगाबाइट रॅम, ५१२ गिगाबाइटची एसएसडी, साधा पडदा, यूपीएस आणि बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क. दुसऱ्या रकान्यात 'नंतर पाहू': वेगळे ग्राफिक्स कार्ड, चौपट बिंदूंचा 'फोर के' पडदा आणि रंगीत दिवे लावलेली पेटी. दिव्यांनी वेग वाढत नाही, हे धाकटीनेच बाबांना सांगितले!

बाहेरची हार्ड डिस्क आईला आधी अनावश्यक वाटली. पण धाकटी म्हणाली, "आई, संगणक बिघडला तर दुसरा येईल, आजीच्या ओव्या कुठून आणायच्या?" मग त्या डिस्कला यादीत पहिले स्थान मिळाले. जपणुकीचा साधा नियम असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, जसे मामाच्या घरी. नव्या प्रती उघडून, नीट चालतात हे पाहिल्याशिवाय मोबाइलमधले चित्रण पुसू नये.

आणि एवढे करूनही संपादन करताना चित्र अडखळले तर? त्यावरही युक्ती आहे. बहुतेक कार्यक्रम मूळ चित्रणाची एक लहान, हलकी प्रत करून देतात. कापणी-जोडणी त्या प्रतीवर करायची आणि शेवटी कार्यक्रम तेच काप मूळ चित्रणावर लावतो. थोडा वेळ अधिक जातो, पण पैसे वाचतात.

करून पाहा

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, चित्रपट काढण्यापूर्वी, वाटाण्याच्या रोपाची वाढ फिल्मवर टिपली होती. बरेच दिवस थोड्या थोड्या अंतराने घेतलेली चित्रे सलग दाखवली की रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसते. तुम्हीही कुंडीत वाटाणा पेरा. मोबाइल एका जागी घट्ट बसवा, प्रकाश सारखा ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र आपोआप निघेल अशी योजना करा. आता ही उदाहरणे सोडवा.

१. सात दिवसांत किती चित्रे होतील? सेकंदाला २४ दाखवली तर चित्रफीत किती सेकंद चालेल?

२. एक छायाचित्र ३ मेगाबाइटचे धरले तर सगळ्यांना जागा किती लागेल?

३. ५१२ गिगाबाइटची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ गिगाबाइट का दिसते? (सूचना: कारखानदार १,००० ने मोजतो, विंडोज १,०२४ ने.)

पहिल्याचे उत्तर १,००८ चित्रे व ४२ सेकंद. दुसऱ्याचे सुमारे ३ गिगाबाइट. तिसरे वहीत सोडवून वर्गात मित्रांना समजावून सांगा. आणि घरी संगणक घेण्याचा विषय निघाला, तर दुकानात जाण्याआधी कागद, पेन्सिल आणि दोन रकाने घेऊन बसा.