वाहन परवान्याची परीक्षा : लेखी आणि प्रत्यक्ष



मागच्या आठवड्यात शाळेच्या गेटवर सातवीतला एक मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन आला, मागे धाकटी बहीण. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "बाई, मैंदर्गीतल्या मैंदर्गीत तर आहे!" पण 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीला वय 16, बाकीला 18 पूर्ण हवं.

आधी 'सारथी' संकेतस्थळावर शिकाऊ परवान्याचा अर्ज करायचा. आधार जोडलं तर चाचणी घरबसल्याही देता येते. 60 टक्के उत्तरं बरोबर हवीत. चिन्हं पाठ करत बसू नका, आकार ओळखा. पाचवीची भूमितीच आहे ती! त्रिकोण सावध करतो, लाल काठाचं वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगतं, निळा चौकोन माहिती देतो. उलटा त्रिकोण म्हणजे वाट द्या, अष्टकोन म्हणजे थांबा. आपल्याकडे बऱ्याच घरी कन्नड बोलतात, त्यांना 'अग्रक्रम' सारखे शब्द अडतात. आधी कोण जाणार, एवढाच त्याचा अर्थ. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो, पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. मागे बसवायचं तर फक्त परवाना असलेल्या शिकवणाऱ्याला, मैत्रिणीला नाही.

आता 8 चा आकडा. मी पहिल्या वेळी इथेच नापास झाले, वळणावर पाय टेकला! चूक माझीच, नजर पुढच्या चाकावर होती. सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तेवढ्यात मैदानावर फक्कीने मोठा 8 आखला आणि रोज संध्याकाळी फिरवला. नजर चाकावर नको, पुढच्या वळणावर ठेवा. वेग अगदी कमी, मागचा ब्रेक हलका दाबलेला. पुढचा ब्रेक वळणात दाबला की गाडी कललीच समजा. निघण्याआधी आरसा बघा, हेल्मेटचा पट्टा लावा, वळायच्या आधी इंडिकेटर द्या आणि नंतर बंद करा. हे शेवटचं मी अजून विसरते, मागून पोरं ओरडतात, "बाई, इंडिकेटर!"