गोळी घेऊन पाण्यात उतरू नकोस

चि. मुक्तास,


काल तुझ्या आईचा फोन आला. तू सकाळी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेऊन प्रॅक्टिसला जातेस म्हणे. खांदा दुखतो याची मला तितकी धास्ती नाही, गोळीची आहे. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण हाडाचा गोळा त्या खोबणीत धरून ठेवायचं काम चार लहान स्नायूंवर पडतं. त्यातल्या सर्वांत वरच्याची कंडरा हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. चार हजार मीटर फ्रीस्टाइल म्हणजे एकेका हाताचे हजारावर फेरे. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा सावकाश. तू एकदम अंतर वाढवलंस, वर पॅडल्स चढवलेस. दम पुरला, कंडरा मागे पडली. ती दुखून तेवढंच सांगतेय आणि तू तिचंच तोंड बंद करतेस.

बाकीच्या मुलीही इतकंच पोहतात, म्हणशील. त्यांनी अंतर किती महिन्यांत वाढवलं, श्वास दोन्ही बाजूंनी घेतात का, हात पाण्यात शिरताना डोक्याची मधली रेषा ओलांडतो का, हे न बघता बरोबरी कसली करतेस? थांबलं तर पाण्याची पकड जाते, हे मात्र खरं. म्हणून तर पूर्ण विश्रांती घे असं मी म्हणत नाही. कंडरेला भार लागतोच, पण झेपेल इतका. पॅडल्स ठेवून दे, दुखणार नाही इतकंच पोह, उरलेला वेळ किक मार. किकबोर्ड हात लांब करून धरू नकोस, त्यात नेमकी तीच जागा चेपते. पाठीवर पडून, हात अंगालगत ठेवून किक मारावी. पोहणाऱ्यांचे हात आत वळवणारे स्नायू जोरकस होतात, बाहेर वळवणारे मागे राहतात. त्यासाठी बगलेत टॉवेलची गुंडाळी धरायची, कोपर अंगाशी ठेवायचं आणि रबरी पट्टा हळूहळू बाहेर ओढायचा. मैत्रिणीकडून दोन्ही हात मागे खेचून घेता, तो प्रकार बंद. आधीच सैल सांधा आणखी सैल कशाला करायचा? रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हातातला जोर गेला असेल किंवा मुंग्या येत असतील, तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव.

कोच टीममधून काढतील, ही खरी भीती ना? गोळीच्या आधारावर पोहणाऱ्या मुलीचा खांदा किती बिघडलाय हे त्यांना दिसणार कसं? सांगायचा धीर होत नसेल तर मी बरोबर येते, बोल मात्र तूच. फार रागावले का गं? निवड होवो न होवो, माझं काही म्हणणं नाही. आणि सकाळी वेणी घालायला हात वर जात नसेल तर इकडे ये, मी घालून देईन.

तुझी,
आत्या