कॅमेऱ्याचे कार्ड आणि अडॅप्टर : वापरण्यापूर्वी काय पाहावे?

आज बहुतेक व्यापारी मालाचे फोटो मोबाइलवरच काढतात. तरीही कापडाचा पोत, जरीचे काम, लाकडावरील कोरीव नक्षी किंवा चामड्याची शिलाई जवळून आणि खऱ्या रंगात दाखवायची असेल, तर चांगल्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा उपयोगी पडतो. जुने कॅमेरे आता कमी भावातही मिळतात. अडचण असते ती कार्डाची. कॅमेऱ्याच्या मापाचे कार्ड जवळ नसते, म्हणून मोबाइलचे छोटे कार्ड अडॅप्टरमध्ये घालून काम भागवले जाते. काम चालते, म्हणून पुढचा विचार कोणी करीत नाही. तो विचार किती जरुरीचा आहे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

एका हंगामात साड्यांचे ४० नमुने दोन दिवसांच्या बोलीवर आमच्याकडे आले होते. फोटो बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाठवून ऑर्डर घ्यायची होती. आम्ही फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन-चार पाहिले आणि नमुने परत केले. रात्री कॉम्प्युटरवर पाहतो तो निम्म्याहून अधिक फोटो उघडेनात. नमुने तोवर दुसऱ्या पेढीकडे गेले होते. ऑर्डर हातची गेली. पुढे तेच कार्ड दुसऱ्या अडॅप्टरमध्ये घातले, तर ठीक चालू लागले. दोष कार्डाचा नव्हता, कॅमेऱ्याचाही नव्हता. कार्डासोबत फुकट मिळालेल्या प्लास्टिकच्या त्या तुकड्यातील पत्र्या ढिल्या झाल्या होत्या.

अडॅप्टरच्या दोन जाती

पहिली जात म्हणजे नुसती खोळ. एसडी कार्ड १९९९ साली जाहीर झाले. त्याचे माप ३२ बाय २४ मिलिमीटर आणि जाडी २.१ मिलिमीटर. मोबाइलसाठी निघालेले मायक्रोएसडी हे त्याचेच धाकटे भावंड. ते २००४ साली ट्रान्सफ्लॅश या नावाने आले आणि २००५ पासून मायक्रोएसडी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचे माप १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. दोघांची भाषा एकच आहे, फक्त अंगाचे माप वेगळे. म्हणून मायक्रोएसडीच्या अडॅप्टरमध्ये कोणतीही चिप नसते. लहान कार्डाचे संपर्क मोठ्या कार्डाच्या जागी पोहोचवणाऱ्या धातूच्या पत्र्या तेवढ्या असतात. त्या वाकल्या, मळल्या किंवा ढिल्या झाल्या की फोटो लिहिता लिहिता तुटतो.

दुसरी जात म्हणजे दुभाषी. कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे सीएफ कार्ड, सॅनडिस्क कंपनीने १९९४ साली आणले. निकॉन डी७० (२००४) आणि कॅनन ५डी (२००५) यांसारख्या कॅमेऱ्यांत हेच जाड कार्ड लागते. सीएफ कार्ड कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची भाषा बोलते, एसडीची भाषा निराळी. म्हणून एसडी कार्ड सीएफ कॅमेऱ्यात चालवायचे तर अडॅप्टरमध्ये भाषांतर करणारी चिप असावी लागते. कार्ड कितीही वेगवान असो, काम त्या चिपच्याच चालीने होते.

या दुसऱ्या जातीत जाडीही पाहावी. सीएफचा टाइप एक ३.३ मिलिमीटर जाड, तर टाइप दोन ५ मिलिमीटर जाड असतो. बाजारातील पुष्कळ अडॅप्टर टाइप दोनचे असतात आणि काही कॅमेऱ्यांत फक्त टाइप एक बसतो. बसत नसेल तर जोर लावू नये. सीएफच्या ५० बारीक सुया कार्डात नसून कॅमेऱ्याच्या आत असतात. एक सुई वाकली तरी दुरुस्तीचा खर्च अडॅप्टरच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

अडॅप्टर माप बदलतो, कुवत नाही

कुडता मोठा शिवला म्हणून अंगात ताकद येत नाही. अडॅप्टरचेही तसेच आहे. साध्या एसडीची मर्यादा २ जीबी. २००६ साली एसडीएचसी आले, त्याची मर्यादा ३२ जीबी. २००९ साली एसडीएक्ससी आले, ते ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंत जाते. तिन्ही कार्डे दिसायला एकाच मापाची, खाचेत तिन्ही बसतात. पण फक्त साध्या एसडीसाठी बनलेला कॅमेरा ६४ जीबीचे कार्ड ओळखत नाही, मग ते थेट घाला की अडॅप्टरमधून. कॅमेऱ्याच्या खाचेजवळ किंवा माहितीपुस्तिकेत एसडी, एचसी की एक्ससी, काय छापले आहे ते आधी वाचावे. सीएफ अडॅप्टरच्या चिपलाही अशीच मर्यादा असते. जुन्या कॅमेऱ्याला ३२ जीबी किंवा त्याहून कमीचे कार्ड बरे. मालाच्या फोटोंना तेवढी जागा पुरून उरते.

व्यापाऱ्याने पाळावयाच्या गोष्टी

१) मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये पूर्ण आत सरकवावे, नंतरच अडॅप्टर कॅमेऱ्यात घालावा. काढताना कॅमेरा बंद करावा, दिवा विझू द्यावा आणि अडॅप्टर कार्डासह बाहेर काढावा. अडॅप्टर आत ठेवून नुसते कार्ड ओढू नये.

२) ‘कार्ड लॉक आहे’ असा संदेश आला तर घाबरू नये. एसडी अडॅप्टरच्या कडेला एक छोटी सरकती कळ असते. ती खाली सरकली की कॅमेरा लिहिण्याचे थांबतो. कळ वर सरकवावी. ती तुटली किंवा सैल झाली असेल तर अडॅप्टर बदलावा.

३) मायक्रोएसडीवर एसडीची खोळ आणि तिच्यावर सीएफचा दुभाषी, अशी दुहेरी जोडणी टाळावी. जितके सांधे जास्त, तितकी बिघाडाची जागा जास्त. सीएफ अडॅप्टर वापरायचाच असेल तर त्यात पूर्ण मापाचे एसडी कार्ड घालावे.

४) कार्डावर गोलात छापलेला १० हा आकडा त्याच्या वेगाचा दर्जा सांगतो. मालाच्या साध्या फोटोंना तो पुरेसा आहे. अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

५) बाजारात खोट्या क्षमतेची कार्डे येतात. वर ३२ जीबी लिहिलेले असते आणि आत त्याच्या पाव जागाही नसते. नवे कार्ड घेतले की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून तपासावे. वेळ लागतो, पण खोटेपणा लगेच उघडा पडतो.

६) जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. फॉरमॅट केल्याने आतील सर्व फोटो जातात, हे विसरू नये.

७) सर्वांत महत्त्वाचे : फोटो कॉम्प्युटरवर उघडून, एकेक पाहून, दोन ठिकाणी जपून ठेवल्याशिवाय नमुना परत करू नये आणि तयार माल रवाना करू नये.

अडॅप्टर वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या बनावटीचा अडॅप्टर वर्षानुवर्षे काम देतो आणि घरातील कार्ड कामी आणतो. पण रोजच्या धंद्याचा कॅमेरा असेल, तर त्याच्याच मापाचे अस्सल कार्ड घ्यावे आणि अडॅप्टर अडीनडीसाठी ठेवावा. दात कोरून पोट भरत नाही. कार्डावर वाचवलेले चार पैसे आम्हाला एका हंगामाच्या ऑर्डरीएवढे महाग पडले. तेव्हापासून आमच्या दुकानात एक कायदा आहे : आधी फोटो कॉम्प्युटरवर, मग नमुना दाराबाहेर.