आधी दिवा, मग प्रोजेक्टर

चि. निखिल यास,


तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. स्लाइड प्रोजेक्टर म्हणून चोरबाजारातलं अमेरिकन कॅरूसेल घेऊ की तो लाइट्झचा प्राडोव्हिट, असं विचारलं आहेस. फोटोत मला नुसती धुडं दिसतायत. कॅरूसेलवर गोल ट्रे नाही, प्राडोव्हिटजवळ मॅगझिन नाही. आत दिवा आहे का, असला तर त्यावर कोणता कोड छापलाय, लेन्स किती मिलिमीटरची, रिमोटची वायर कुठे आहे, यातलं काहीच कळत नाही. आणि पैसे खरे तिथेच मोजायचे असतात.

यंत्रं मिळतात रे. कोडॅकनं कॅरूसेल १९६१ साली आणलं आणि २००४ पर्यंत ही जात बनवली, त्यामुळे जगभर ती पडून आहेत. आपल्याकडच्या कॉलेजांतून ती बाहेर कशी येतात ते मी जवळून पाहिलंय. डेड स्टॉकचं निर्लेखन होतं, प्रोजेक्टर भंगाराच्या लिलावात जातो, ट्रे रद्दीच्या ढिगात, लेन्स कुणाच्या तरी कपाटात आणि रिमोट कायमचा बेपत्ता. वर्षानुवर्षं एका टेबलावर राहिलेल्या चार वस्तू चार वाटांनी जातात. त्यांना पुन्हा एकत्र आणणं हेच आपलं काम. शेल्फवर दहा मुके प्रोजेक्टर मांडणाऱ्यापेक्षा एकच प्रोजेक्टर सगळ्या साहित्यानिशी चालता ठेवणारा माणूस मला मोठा वाटतो. तू तसा व्हावास, म्हणून एवढं लिहितेय.

सुरुवात दिव्यापासून कर. अगदी पहिल्या कॅरूसेलना ५०० वॅटचा, डीईकेसारख्या कोडचा जुना टंगस्टनचा दिवा लागे. तो आता फार कष्टानं मिळतो. पुढच्या मॉडेलांत हॅलोजन आले, उदाहरणार्थ ईएलएच, ३०० वॅट, १२० व्होल्ट. जर्मनीत श्टुटगार्टला बनलेल्या कॅरूसेल एस-एव्ही मालिकेत मात्र २४ व्होल्ट, २५० वॅटचा दिवा असतो. तो इतरही उपकरणांत वापरला जात असल्यानं अजून सापडतो. शिवाय आत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे एस-एव्ही आपल्या विजेवर थेट चालतो. म्हणून एस-एव्ही दिसला तर जास्त पैसे देऊनही घे, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकन कॅरूसेलला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ३०० वॅटच्या दिव्याला तो निदान ५०० वॅटचा घे, हलका चालणार नाही. तरीही एक अडचण उरतेच. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. आतली मोटर एक षष्ठांशानं हळू फिरते, पंख्याची हवा कमी पडते आणि स्लाइड जास्त तापते. घ्यायचंच असेल तर हे समजून घे, आणि एका वेळी थोडाच वेळ चालव.

दुकानदार 'लावून दाखवतो' म्हणेल. लावू देऊ नकोस. जर्मन यंत्रांच्या बुडाशी व्होल्टेज बदलायची चकती असते. ती ११० वर राहिलेली असली तर एका क्षणात सगळं संपतं. ग्रीस सुकून पंखा अडकलेला असू शकतो. तू यंत्र हातात घेऊन पाहा. लेन्स काढून उजेडाकडे धर. मुंबईच्या पावसाळ्यानं आत बुरशीचे पांढरे तंतू सोडले असतील तर लगेच दिसतात. दिव्यापुढची उष्णता शोषणारी काच तडकलेली नाही ना ते बघ. ती नसेल तर स्लाइड भाजून निघते, आणि नेमक्या मापाची काच शोधणं फार जिकिरीचं असतं. रबरी पट्टा असलेल्या यंत्रात बोट फिरवून बघ, जुनं रबर डांबरासारखं चिकट होतं. घरी आणल्यावर दिवा काढून ठेव आणि आधी नुसता पंखा चालव. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नकोस, कापडानं धर. चालू असताना यंत्र हलवू नकोस, आणि बंद करताना पंखा थोडा वेळ फिरू दे.

ट्रे यंत्रावर अडकून बसला असेल तर दुकानदार जोर लावतो आणि खालची पट्टी वाकवतो. तो प्रसंग आलाच तर त्याला थांबव. ट्रेच्या मधल्या भोकात वाकून पाहिलंस की रुंद खाचेचा एक स्क्रू दिसेल. त्या खाचेत नाणं घालून फिरव, ट्रे सुटतो. मग स्लाइड धरणारी वरची कडी घट्ट बसलीय याची खात्री करून ट्रे उलटा कर, आणि बुडाची धातूची चकती फिरवून शून्यावर अडकव. ती तिथे बसली नाही तर ट्रे पुन्हा चढणार नाही. ८० खणांचा ट्रेच घे. १४० खणांच्या ट्रेमध्ये पुठ्ठ्याच्या पातळ माउंट (स्लाइडच्या चौकटी) चालतात, जाड प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या अडकतात. सरळ मॅगझिनांतही असाच भेद आहे. जुनी ५० स्लाइडची युनिव्हर्सल मॅगझिन सगळं सामावून घेतात. एलकेएम आणि सीएस या नंतरच्या अरुंद जाती, त्यांत काचेची जाड माउंट जात नाही. प्राडोव्हिट घेतलास तर कोणती मॅगझिन चालते ते आधी ठरव.

लेन्स निवडताना हिशेब सोपा आहे. स्लाइडवरचं चित्र ३६ मिलिमीटर रुंद. प्रोजेक्टर भिंतीपासून तीन मीटरवर आणि लेन्स ९० मिलिमीटरची असेल तर चित्र १.२ मीटर रुंद पडतं. १५० ची लेन्स असेल तर ७२ सेंटिमीटर, ६० ची असेल तर १.८ मीटर. ठाण्यातल्या तुझ्या खोलीला ६० ते ९० च्या लेन्स हव्यात, आणि बाजारात येतात त्या बहुतेक सभागृहांच्या लांब लेन्स. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे पुठ्ठ्यातली फिल्म किंचित बाक घेते आणि काचेतली सपाट राहते. कोडॅकच्या काही लेन्सवर 'सी' आणि लाइट्झच्या कलरप्लानवर 'सीएफ' लिहिलेलं असतं, त्या बाक घेतलेल्या स्लाइडसाठी. काचेतल्या स्लाइडना साधी कलरप्लान, ९० मिलिमीटर, एफ २.५. ती योग्य भावात दिसली तर प्रोजेक्टर राहू दे, लेन्स घे.

कलेचा इतिहास शिकवताना मी दोन प्रोजेक्टर शेजारी लावत असे. हाइनरिश व्योल्फलिन या स्विस अभ्यासकानं दोन चित्रं एकदम पडद्यावर टाकून तुलना करण्याची पद्धत रूढ केली, आम्ही तीच चालवली. डावीकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, उजवीकडे सांचीच्या तोरणावरची आकृती. वर्ग बोलायला लागायचा, मला फार बोलावं लागत नसे. त्यासाठी दोन्ही लेन्स सारख्या आणि दोन्ही दिवे सारख्या वयाचे असावे लागत. तुला पुढे एक चित्र विरून दुसरं उमटवणारं डिझॉल्व्ह युनिट घ्यावंसं वाटेल. ते जोडीशिवाय निरुपयोगी, आणि सॉकेटही जुळायला हवं. एस-एव्हीचं १२ पिनांचं सॉकेट अमेरिकन कॅरूसेलला बसत नाही.

ट्रेबरोबर कधी स्लाइडही येतात. कुणाचं लग्न, कुणाची काश्मीरची सहल, एखाद्या डॉक्टरच्या व्याख्यानातले रोग्यांचे फोटो. विकणाऱ्याला त्यांचं मोल नसतं, म्हणून खण रिकामे करून तो त्या फेकून देतो. त्याला 'स्लाइडसकट दे' म्हण. माउंटवर तारीख, गाव, नाव काही लिहिलं असेल तर ते उतरवून ठेव, आणि ओळख लागली तर त्या घरी नेऊन दे. रोग्यांचे फोटो कुणाला दाखवू नकोस. कोडाक्रोम असेल तर जास्त जप. अंधारात तिचे रंग दशकानुदशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात ते लवकर उतरतात. पडद्यावर एक मिनिटाच्या वर ठेवू नकोस. १९३५ पासूनची ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली, आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, २०१० च्या अखेरीस ते काम घ्यायची थांबली. तुझ्या हातातली स्लाइड हीच मूळ प्रत असते, तिची निगेटिव्ह कुठेच नसते.

काचेच्या मोठ्या स्लाइडचा जादूचा कंदील मिळतोय, असंही तू लिहिलंयस. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावानं त्याचे खेळ केले, तेही ७ जुलै १८९६ ला मुंबईत ल्युमिएर बंधूंचे चित्रपट येण्याच्या आधीपासून. त्यामुळे तुझा जीव तिकडे ओढला जाणं मला समजतं. पण त्या स्लाइड सव्वातीन इंची, त्यांचे दिवे वेगळे, आणि हातानं रंगवलेली काच पुसायची कशी हे शिकण्यातच बराच काळ जातो. आधी ३५ मिलिमीटरचं एक घराणं पुरतं हाताशी येऊ दे.

माझ्याकडे कॅरूसेलचा एक स्टॅक लोडर आहे, ट्रेशिवाय ४० स्लाइड एकावर एक रचून चालवायचा. तो आणि बिनवापराचे दोन २४ व्होल्टचे दिवे तुझ्यासाठी बाजूला काढलेत. एस-एव्ही मिळाला की कळव. दादा पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवीन. दिवे हातातल्या पिशवीत ठेवायला सांग, डिकीत नकोत.

तुझी,
आत्या