आनुवंशिक मज्जाविकार आणि नवी औषधे

नवे औषध निघाल्याची वार्ता कानी येताच रुग्ण बालकाच्या मातापित्यांस आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आशा निराळी व प्रमाण निराळे. हा भेद आम्ही दोन उदाहरणांनी स्पष्ट करू.

पहिले उदाहरण ‘एस. एम. ए.’ या विकाराचे. यात पाठीच्या कण्यातील, स्नायूंस हालविणाऱ्या मज्जापेशी झडत जातात. बुद्धी मात्र शाबूत राहते. बहुधा मातापिता दोघेही स्वतः निरोगी, परंतु दोघांच्याही ठायी एकेक सदोष जनुक असते. अशांच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. सबब एकट्या मातेस बोल लावणे हे अज्ञान होय व अन्यायही होय.

‘नुसिनर्सेन’ या औषधाची परीक्षा घेताना अर्भकांचे दोन गट केले. एकास कण्यातून औषध दिले. दुसऱ्यास केवळ सुई टोचल्याचा आभास केला. पहिल्या गटातील ७३ पैकी ३७ बालकांत मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे अशी प्रगती दिसली. दुसऱ्या गटातील ३७ पैकी एकातही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली.

दुसरे उदाहरण ‘हंटिंग्टन’ या विकाराचे. त्यावर त्याच जातीचे ‘टोमिनर्सेन’ हे औषध योजिले होते. मार्च २०२१ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली; कारण ज्यांस ते वारंवार दिले, त्यांची स्थिती औषध न दिलेल्यांहून वाईट आढळली. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर हा दोष औषधाचा न ठरता रोगाच्याच माथी बसला असता!

२०२१ साली मुंबई व पुणे येथे सुमारे १६ कोटी रुपये किमतीच्या जनुकोपचारासाठी लोकांनी वर्गणी जमविली. ते औदार्य स्तुत्यच. तथापि झडलेल्या पेशी कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. म्हणून अर्भकाची मान धरली जात नसेल, अंग ढिले पडत असेल, तर विलंब न करता वैद्यास दाखवावे.

पालकांनी चाचणीस संमती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सरकारी नोंद आहे काय? नीतिसमितीची अनुज्ञा आहे काय? तुलना कशाशी आहे? चाचणीतील औषधाचे मोल मागणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

विद्यार्थ्यांनो, आपल्या हिंजवडीत संगणकाच्या कचेऱ्यांप्रमाणेच जैविक औषधे निर्मिणाऱ्या संस्थाही आहेत. उद्या तुम्हांपैकी कोणी तेथे गेल्यास हे ध्यानी असू द्यावे की, अपयशाचा आकडाही प्रामाणिकपणे लिहिणारा मनुष्य रुग्णाचा खरा मित्र होय.