हप्ता कुणाच्या खात्यातून गेला?

तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटली आणि आम्ही माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत आलो. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. इथली हवा आरोग्याला धोक्याची असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. सासूबाईंची धाप वाढू लागली तेव्हा त्यांची आरोग्य विमा पॉलिसी काढली. फॉर्मवर दम्याचा उल्लेख केला. तो प्रत्येकाने करायलाच हवा, कारण लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी वर येतो. यजमानांचा पगार तेव्हा रखडला होता, म्हणून ३०,००० रुपयांचा हप्ता माझ्या शाळेच्या पगारातून गेला. एजंट म्हणाला, "वहिनी, नवरा-बायको एकच. कुणीही भरा, टॅक्समध्ये सूट मिळणारच."

रिटर्न भरताना कर सल्लागाराने माझ्या पासबुकातल्या त्या नोंदीवर बोट ठेवलं. "पैसे तुमचे, पण या तुमच्या आई नाहीत." लग्न झाल्यापासून त्यांना मी आईच म्हणते, त्यामुळे ते वाक्य फार लागलं. पण कायदा तसाच आहे. कलम ८०-डी खाली स्वतः, जोडीदार आणि मुलं यांच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी आणखी २५,००० आणि ते साठीच्या पुढचे असतील तर ५०,००० रुपयांपर्यंत. हे आईवडील स्वतःचेच हवेत. त्यात सासू-सासरे येत नाहीत. मी २० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे उपकरासह ६,२४० रुपयांची सवलत गेली. आमच्या घरात तेवढ्यात सासूबाईंचे कितीतरी इनहेलर आले असते.

अमेरिकेत नवरा-बायको एकत्र रिटर्न भरू शकतात, आणि वेगळं भरलं तर विमा हप्त्यावरचं सरकारी अनुदान बहुतेकांना मिळत नाही. आपल्याकडे एकत्र रिटर्नची सोयच नाही. दोन पॅन, दोन रिटर्न. म्हणून सासूबाईंचा हप्ता मुलाच्या खात्यातून जावा, तुमच्या आईचा तुमच्या. तोही चेक, कार्ड किंवा यूपीआयने. रोखीने भरलेला हप्ता धरत नाहीत.

अर्थात हप्ता यजमानांनी भरला असता तरी त्या वर्षी उपयोग झाला नसता, कारण ते नव्या करपद्धतीत होते. २०२३-२४ पासून तुम्ही काही सांगितलं नाही तर नवीन करपद्धतच लागू होते, आणि तिच्यात ही वजावट नाही. एकाच घरात नवरा नव्या पद्धतीत आणि बायको जुन्या पद्धतीत असू शकते, म्हणून दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडून बघा. नुसत्या विम्यासाठी जुन्या पद्धतीकडे जा असं मी सांगणार नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच नाही. अशा घराने पॉलिसी चालू ठेवावी आणि वजावटीचा विचार सोडून द्यावा.

इथल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना छातीच्या आजारामुळे विमा मिळत नाही. त्यांच्या मुलांना एक गोष्ट कुणी सांगत नाही: विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्चही जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंत वजा होतो. मेडिकलवाल्याला यूपीआयने पैसे द्या, बिलं जपून ठेवा.

आमच्या इमारतीत कितीतरी जणी म्हणतात, रिटर्न भरलं की महात्मा फुले जन आरोग्य योजना बंद होते. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना त्या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तिथे रिटर्न नाही, रेशनकार्डावरचं नाव बघतात. नवी सून आली असेल तर माहेरच्या कार्डावरून तिचं नाव कमी करून सासरच्या कार्डावर लगेच चढवा.

आणि पगारदारांनो, जुनी पद्धत घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीतच भरा. मुदत उलटली की ती निवडता येत नाही.